पन्नी

सोमवारची ती गोळी
दिवस जायच्या कितीतरी महिने आधीच
खापेकर मॅडमनी बंद केली.
"ही आणि बाळ एका घरात नांदत नाहीत," म्हणाल्या
आणि फाइलवर लाल पेनाने काट मारली.
तरी सोमवार आला की मी डबी उघडून बघायचे.
सवयही सांध्यांत साचते.

बाकीच्या दोन चालू.
चालू म्हणजे चालूच, तीनदा सांगितलं त्यांनी,
धंतोलीतल्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथली लिफ्ट बंद आहे हे
माझ्या गुडघ्यांना पाटी वाचायच्या आधी कळतं.
"लघवी केशरी होईल, घाबरू नकोस.
संत्र्याच्या गावात शोभून दिसेल."

मग काडीवर दोन रेघा उमटल्या
आणि मी त्या दोन्ही बंद केल्या.
कुणाला विचारलं नाही.
दुकानातल्या ढोककाकांनी पाकीट उलटसुलट करून
"गरोदर ना तुम्ही? बघा बुवा," एवढंच म्हटलं होतं.
आणि सासूबाई, पापडाचं पीठ तिंबता तिंबता:
"कायले गिळतं वं त्या गोया?
लेकराच्या अंगात उतरते ना."
आमच्या चौकाचं नावच गोळीबार.
मला वाटलं, मी तरी नेम धरू नये.

सतरा दिवस.
अठराव्या सकाळी कूलरच्या टाकीचा नळ फिरेना.
टूथपेस्ट पिळता येईना.
बोटं अशी, जणू कुणी रात्रभर
त्यांत ओली वाळू भरली.
प्रफुलने माझी वेणी घातली, वाकडी,
आणि ऑफिसला जाताना दारात उगाच थांबला.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी माझी मनगटं हातात घेतली, दाबली नाहीत.
"सूज हेही एक औषधच समज, हर्षाली,
फक्त त्याचा डोस कुणी लिहून देत नाही.
तू एकटी नाही सोसत आहेस ती."
मग एकेका गोळीपुढे त्यांनी लिहिलं:
पोटात असताना चालेल. पाजताना चालेल.
सोबत फॉलिक, न चुकता.
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
मनाने बंद करू नये. फोन करावा.

मुलगी झाली. दोन किलो सहाशे.
सगळे म्हणाले, आता सुटलीस.
सहाव्या आठवड्यात दुखणं परत आलं,
ओळखीच्या पाहुण्यासारखं, न विचारता आत.
झबल्याची नाडी बांधता येईना,
डोकं तळहाताऐवजी कोपरावर घेऊन पाजायचं.
पावणेचारला, घुबडासारखी जागी,
मी फोन केला नाही, पण सकाळी नऊला केला.
एक छोटी पांढरी गोळी वाढली.

"आता दूध कडू होते पाय," सासूबाई.
मी वाटीत चार थेंब काढले,
एक स्वतःच्या जिभेवर,
एक त्यांच्या बोटावर.
त्यांनी चाखलं.
बोट पदराला पुसलं.
"गोडच हाय," म्हणाल्या, जराशा नाराजीनेच,
आणि कुकर बघायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे
मी पन्नीवर अंगठा दाबत होते, दाबत होते,
गोळी आतून खिदळल्यासारखी हलत होती, निघत नव्हती.
अंधारातून एक हात आला,
चाळीस वर्षं मागावर तुटलेला धागा जोडणारा,
नखाशी अजून पिळाच्या खुणा असलेला.
टक.
टक.
दोन गोळ्या माझ्या तळहातावर.
"हे कोन्ती? सकायची की संध्याकायची?"
मी सांगितलं.
"लिहून देजो मले," म्हणाल्या,
"मोठ्या अक्षरात."

फ्रिजवर आता तो कागद आहे.
एका टोकाला हळदीचा डाग.
सोमवारच्या रकान्यात
मी काहीच लिहिलेलं नाही.